व्होल्टेज उतरल्यावरचा आवाज

उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या घरी ते आधी भांड्यांना कळतं. ट्रॅक्टर अजून शिरोली नाक्याच्या वळणावर असतो, आणि इकडं मांडणीवरचे पेले एकमेकांना हळूच खेटायला लागतात. मग तो येतो. मागं उसानं लादलेल्या दोन ट्रॉल्या, आणि ड्रायव्हरच्या पाठीशी कपाटाएवढे स्पीकर. बायको मांडणीला हात लावून उभी राहते, ट्रॅक्टर जाईपर्यंत. मी चहाचा कप घेऊन गॅलरीत जातो. पन्नाशी उलटलेल्या, बीपीची गोळी घेणाऱ्या माणसानं सकाळी सकाळी छातीवर ते दणके का घ्यावेत, हा प्रश्न तिनं विचारायचा सोडून दिलाय.

यंदा जानेवारीत धुकं दाट पडलं. एका सकाळी असाच एक ट्रॅक्टर दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. आमच्या घरासमोर आला आणि त्याचं गाणं बुडालं. बंद नाही पडलं. बुडालं. गायकाचा आवाज ओळीच्या मध्यावर जाड झाला, लांबला, खाली खाली गेला, आणि मग कुणीतरी दोर ओढल्यासारखा वर आला. ड्रायव्हरच्या बॅटरीची वायर ढिली असणार, दुसरं काय. पण माझ्या हातातला चहा पायजम्यावर होता आणि मला तो भाजलेला कळायला वेळ लागला.

कारण तसं बुडणारं गाणं मी आयुष्यात एकाच ठिकाणी ऐकलं होतं. हातकणंगल्याकडच्या एका गुऱ्हाळात, मी अकरावीत असताना.

*

दस्तगीर माझ्या वर्गात होता. त्याचे वडील मोटरी दुरुस्त करायचे, आणि हंगामात सगळं घर गुऱ्हाळावर राहायला जायचं, कारण चरकाची मोटर कधी बसेल याचा नेम नसायचा. पत्र्याच्या दोन खोल्या. एकीत चूल आणि अंथरुणं, दुसरीत मोटरी, तारा, ग्रीस. बाहेर काहिलीत रस उकळत असायचा आणि चुलवणात चिपाडं जळत असायची. त्या हिवाळ्यात मी दर शनिवारी सायकल मारत तिथं जायचो. घरी सांगायचो की गणिताचा अभ्यास करतो. वडील शाळामास्तर. त्यांनी कधी गणितं तपासली नाहीत, हा त्यांचा मोठेपणा की आळस, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

खरं कारण होतं सलीमभाई. दस्तगीरचा थोरला भाऊ. आखातात कुठल्याशा गॅरेजमध्ये कामाला. सुट्टीवर आला तेव्हा खांद्यावर सुटकेसएवढा टेपरेकॉर्डर घेऊन आला, आणि सोबत कॅसेटींनी भरलेली बुटाची पेटी. कॅसेटींवर लांब केसांची, उघड्या छातीची माणसं. नावं सगळी अरबीत छापलेली.

दस्तगीर अरबी वाचायचा. मी म्हणालो, "वाच की, कोण हायत ही?"

त्यानं बोट ठेवून अक्षर अक्षर लावलं, बराच वेळ लावला, आणि म्हणाला, "वाचलं."

"मग?"

"वाचता येतंय. काय वाचलं ते न्हाय कळत."

त्यामुळं त्या जगप्रसिद्ध मंडळींचं बारसं आम्हीच केलं. एका बँडचं नाव 'गिरण', कारण त्यांची गिटार पिठाच्या गिरणीचा पट्टा सुटल्यासारखी घरघरत सुरू व्हायची आणि मग सगळं दळून काढायची. एक 'मालगाडी', त्यांचा ड्रमवाला हातकणंगल्याच्या स्टेशनातून न थांबता जाणाऱ्या वॅगनींसारखा वाजवायचा. एक गायक इतका उंच किंचाळायचा की त्याला आम्ही 'बंब' म्हणायचो, पाणी तापल्यावर आमच्या घरचा बंब हुबेहूब तोच सूर लावायचा. आज फोनवर बोट दाबलं की त्यांची खरी नावं, बायकांची संख्या, भांडणं, सगळं मिळतं. मी वाचलंय. पण कुणाचं तरी पाळण्यातलं नाव ठाऊक असताना त्याला आधार कार्डावरच्या नावानं हाक मारवत नाही.

सलीमभाई मोटर उघडताना ती गाणी लावायचा आणि सोबत गुणगुणायचा. तोंड बंद, आवाज नाकातून, गाण्याच्या थोडा मागं. बाहेर गिटार आभाळ फाडत असायची आणि हा खाली मान घालून, तांब्याच्या तारेचे वेढे मोजल्यासारखा गुणगुणत असायचा. मला ते जगातलं सगळ्यात रुबाबदार काम वाटायचं. मी घरी आरशासमोर तसंच करून बघायचो. आई विचारायची, "पोट दुखतंय का रे?"

संक्रांतीनंतर सलीमभाई परत गेला. टेप आणि बुटाची पेटी मागं ठेवून. "पोचल्यावर पत्र टाकतो अम्मी," म्हणाला. पत्र आलं नाही, ना पुढं कधी त्याची काही खबर.

*

मला त्या गाण्यांची माझी कॉपी पाहिजे होती. वडिलांकडं शाळेचा एक छोटा रेकॉर्डर होता, इंग्रजीचे उच्चार सुधारण्यासाठी आणलेला, सेलवर चालणारा. तो मी पिशवीत घालून गुऱ्हाळावर नेला. तंत्र सोपं होतं. सलीमभाईचा टेप विजेवर लावायचा, समोर हातभर अंतरावर माझा रेकॉर्डर ठेवायचा, दोन्ही बटणं एकदम दाबायची, आणि श्वास धरून बसायचं. मोटरींच्या खोलीत आम्ही दोघंच. दार लावलेलं. चाची, म्हणजे दस्तगीरची आई, बाहेर चुलीपाशी.

आता तिथल्या विजेचं सांगायला पाहिजे. संध्याकाळ झाली की नदीकाठचे पंप एकामागून एक सुरू व्हायचे आणि गुऱ्हाळाच्या वाट्याची वीज ओढून न्यायचे. बल्ब पिवळा व्हायचा, मग लाल, मग नुसती तार दिसायची, निखाऱ्यासारखी. त्याच्यासोबत टेपही मंदावायचा. 'गिरण'च्या एका गाण्यात मध्यावर गिटार थांबते आणि गायक एकटाच उरतो. नेमका तिथं त्या संध्याकाळी पंप सुरू झाला. बल्ब लाल झाला आणि गायक खाली गेला. विशीतल्या पोराचा आवाज बघता बघता म्हाताऱ्याचा झाला, मग माणसाचाच राहिला नाही. पत्र्यावर दव पडत होतं. चुलवणाची धग भिंतीतून येत होती, तरी माझ्या दंडावर काटा होता. मग पंप बंद झाला असेल, कारण बल्ब उजळला आणि गायक वर आला, जणू काही झालंच नाही.

माझा रेकॉर्डर सेलवर. त्याला व्होल्टेजचं सोयरसुतक नाही. त्यानं ते बुडणं जसंच्या तसं टिपलं.

नंतर आम्ही कॉपी ऐकायला बसलो. गाणं मध्यावर आलं, आवाज खाली गेला, आणि त्या खाली गेलेल्या आवाजाच्याही खाली कुणीतरी गुणगुणत होतं.

दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं. "तू हुतास?"

"न्हाय. आईशप्पथ. तू?"

"मी न्हवं."

तेवढ्यात दार उघडलं. चाची उभी होती, हाताला पीठ. आत आली, रेकॉर्डरसमोर उकिडवी बसली, आणि पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं. ते गुणगुणणं आलं, तोंड बंद, नाकातून, गाण्याच्या थोडं मागं.

"सलीम हाय ह्यो," ती म्हणाली.

"चाची, भाई तर तिकडं..."

"माझं पोरगं मला वळखू येत न्हाय व्हय रं?"

तिनं कॅसेट काढून घेतली, पिठाच्या हातानंच. ती मला परत मिळाली नाही. मागायची हिंमतही झाली नाही. गुऱ्हाळावर बातमी पसरायला काय लागतंय? गुळव्या, म्हणजे काहिलीवरचा मुख्य कारागीर, त्यानं फर्मान काढलं की त्या खोलीतला टेप वाजत असेल तर मी गुळाला हात लावणार नाही. दोन दिवसांनी गूळ चिकट आला, टेप बंद असताना. तेव्हा त्यानं ते फर्मान गुपचूप मागं घेतलं.

*

कॅसेट गेली, पण गाणं डोक्यात बसलं होतं. ते बुडण्यासकट. पुढच्या वर्षी गॅदरिंगला आम्ही ते सादर केलं. दस्तगीर ड्रमवर, म्हणजे दोन टेबलं आणि एक पत्र्याचा डबा. गिटारला मंगळवार पेठेतला एक पोरगा, त्याला चार सूर यायचे, त्यातले तीन बरोबर. गायक मी. गाणं मध्यावर आलं आणि आम्ही तिघंही तालमीत घोटल्याप्रमाणं बुडालो. दस्तगीर मंद झाला, गिटारवाल्यानं खुंटी पिळून तार ढिली केली, आणि मी आवाज पोटात नेला. आमच्या मते तो गाण्याचा प्राण होता.

हॉलमधनं कुणीतरी ओरडलं, "आरं सेल बदला रं ह्यांचं!"

प्राचार्यांनी शिपायाला जनरेटर बघायला पिटाळलं. तो पळत गेला, परत आला आणि माइकसमोरच म्हणाला, "सर, जनरेटर झ्याक हाय. पोरंच बिघडल्यात." पुढची दोन वर्षं कॉलेजात मला 'लो व्होल्टेज' हे एकच नाव होतं.

नोकरीला पुण्यात असताना एका सहकाऱ्यानं मला मूळ गाणं ऐकवलं. मध्य आला. गायक एकटा उरला. आणि बुडालाच नाही. सरळ चालत गेला, धडधाकट, उजेडात. मी सहकाऱ्याशी भांडलो. तुझी कॉपी खराब आहे म्हणालो. तो आजही मला भेटला की हसतो. पण मला त्या दिवशी हसू येत नव्हतं. ज्या विहिरीत आपण वाकून बघत वाढलो ती तिथं कधी खोदलीच नव्हती, असं काहीतरी वाटत होतं. आणि एक प्रश्न होता, तो मी नीट विचारू दिला नाही स्वतःला: विहीरच नव्हती, तर आत कोण गुणगुणत होतं?

*

चहा पायजम्यावर सांडला त्याच आठवड्यात दस्तगीर दारात. आता तो स्वतः मोटरींचं दुकान चालवतो, दाढी पांढरी. खिशातून कॅसेट काढून टेबलावर ठेवली. कोपरे झिजलेले, कागद गळून पडलेला.

"शहरात एक जण फोनवर घालून देतो म्हणं असलं. खरखर बी काढतो. करून घे."

"चाचीनं दिली?"

"तिला म्हटलं, टेप आता चावंल ती, फोनवर घेऊ. मग दिली." तो थांबला. "अन्या, अम्मी थकलीया. आता लई दिस न्हाईत. आजवर भाई गेला म्हणून त्याच्या नावानं एकदा बी फातिहा दिऊ दिली न्हाय तिनं. आवाज येतोय तवर माणूस हाय म्हणती. अब्बा तसंच गेले, पोराच्या नावानं हात न उचलता. ती बी तशीच गेली तर भाईसाठी मागणारं कोण ऱ्हायलं? तू सांग तिला, ह्यो सलीम न्हवं. तुझं ऐकंल."

"मी काय सांगू? कुणाचा आहे म्हणू?"

"ते तू बघ की," म्हणाला, आणि चहा न घेता गेला. कोल्हापूरचा माणूस चहा न घेता गेला तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं.

खरखर काढलेलं गाणं फोनवर आलं. मी स्वयंपाकघरात लावलं. मध्य आला, बुडालं, ते गुणगुणणं आलं. बायको कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "इंग्लिश गाण्यात तुम्ही काय करताय?"

"मी कुठाय?"

"अहो, हे गुणगुणणं. दाताच्या डॉक्टरकडं खुर्चीत बसलात की हेच करता. लिफ्ट अडकली तेव्हाही. भ्यायलात की सुरू. आपल्या लग्नात अंतरपाटामागनं हेच ऐकू येत होतं मला. वाटलं, नवऱ्याला काही आजार आहे की काय."

मी गाणं बंद केलं. गृहस्थाला आपल्याबद्दलची अशी माहिती बायकोकडून मिळावी आणि तीही कोथिंबिरीसोबत! पण पटलं. सलीमभाईची नक्कल करत करत ते माझ्या नाकात बसलं होतं. त्या संध्याकाळी मी भ्यालो होतो, हेही खरं. म्हणजे एक आई उभा जन्म माझ्या भित्रेपणाला कान लावून बसली होती.

*

रविवारी दुपारी गेलो. गुऱ्हाळ आता बंद आहे, नुसतं धुराडं उभं. पण शेजारच्या रानात तोड चालू होती, पाचट पेटवलेलं, आणि ऊन असूनही धुरामुळं सगळं संध्याकाळसारखं दिसत होतं. जळक्या पाचटाची काळी राख तरंगत येऊन अंगणातल्या वाळवणावर बसत होती. दस्तगीर दारात उभा. त्यांचं बिऱ्हाड अजून त्याच दोन खोल्यांत, आणि चुलीच्या खोलीत चाची कॉटवर. एवढीशी झालेली.

"मास्तरचं पोरगं न्हवं? केस कुठं गेलं रं तुझं?"

"गेले चाची. पत्र टाकतो म्हणाले होते."

जीभ चावली, पण शब्द गेला होता. ती हसली नाही, रागावलीही नाही. "लाव," म्हणाली.

मी फोन तिच्या उशाशी ठेवला. गिटार सुरू झाली. तिनं डोळे मिटले. मध्य आला, गायक खाली गेला, गुणगुणणं आलं, आणि मी सांगून टाकलं. फोन तसाच वाजत ठेवून, त्याच्यावरनं, घाईघाईनं. की हा मी आहे. मला सवय आहे, मला कळत नाही. मी भाईची नक्कल करायचो. माझी बायको म्हणते. बायकोचं नाव मध्ये घालण्याइतका मी धीराचा.

चाचीनं डोळे उघडले.

"कर बघू," ती म्हणाली.

"काय?"

"गुणगुण. तू हायस न्हवं? मग कर."

जे न कळत आयुष्यभर केलं ते सांगून करायला गेलो तर नाकातून म्हशीसारखा आवाज आला. पुन्हा केलं. जरा जमलं. ती ऐकत होती, अंगावरची चादर मुठीत धरून. मग तिची मूठ सुटली.

"बास," म्हणाली. "तूच हायस." आणि भिंतीकडं तोंड करून, दस्तगीरला, "उद्या मौलानांस्नी बोलीव. गोड कर काहीतरी. त्येला शिरा आवडायचा."

खोलीत एवढं शांत झालं की मला फोन ऐकू आला. तो चालूच होता. मी घरी कधी एवढ्या पुढं ऐकलंच नव्हतं. गायक अजून खालीच होता, अगदी तळाशी, आणि तिथं एक पोरगं कुजबुजलं. खरखर काढल्यामुळं स्पष्ट. माझाच आवाज, अकरावीतला, फुटलेला: "दस्त्या, बल्ब बघ की रं, बल्ब बघ."

मी बोलत होतो. आणि माझ्या बोलण्याच्या खाली ते गुणगुणणं चालूच होतं. तोंड बंद, नाकातून, थोडं मागं. एकदाही न तुटता.

मी दस्तगीरकडं बघितलं. तो दारात उभा होता, माझ्याकडं पाठ करून, जळत्या रानाकडं बघत.

"दस्त्या..."

"बंद कर."

"तू ऐकलंस? मी तर बोलतोय तिथं. मग..."

"माझ्या कानात बोलत हुतास तू," तो हळू म्हणाला, पाठ न वळवता. "त्याच राती ते आठवलं. तवापासनं ठाऊक हाय मला, त्यो तू न्हवंस. बंद कर म्हणतो न्हवं."

कॉटवर चाचीची पाठ सावकाश वर-खाली होत होती. झोपली असावी. मी फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी फातिहा झाली. चाचीच्या खोलीत, शिऱ्याच्या ताटासमोर. धूर त्या दिवशीही होता, खिडकीला पडद्यासारखा लागलेला. मी मागं, उंबऱ्याजवळ बसलो. मौलाना हळू आवाजात पढत होते, चाचीचे दोन्ही तळवे वर होते. त्यांनी सलीमचं नाव घेतलं तेव्हा गुणगुणणं नाकाशी आल्यासारखं वाटलं, आणि स्वतःवर माझा काडीचा भरवसा नव्हता, म्हणून मी तोंडावर हात दाबून धरला. नाकही धरलं. गुदमरलो तरी चालेल म्हणालो.

त्याच क्षणी दस्तगीरनं झटकन मागं वळून माझ्याकडं बघितलं, चिडून, गप की रं म्हणायला तोंड उघडून.

त्याला माझा हात दिसला. तोंडावर, घट्ट.

त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग त्यानं सावकाश मान वळवली, आणि मोटरींच्या खोलीच्या लावलेल्या दाराकडं बघितलं.